पाचवा कप्पा

ज्वारीच्या डब्याकडे बघून कुणाला भरून येत नाही. जयमालाला आलं.

डबा शेजारच्या पारूबाईचा होता. झाकण चेपलेलं, कडी तुटल्यावर सुतळी ओवलेली. रांगेत तो नेहमी वाटेतच ठेवलेला असायचा आणि गिरणीत येणारं प्रत्येक माणूस त्याला ठेचकाळून पारूबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. पण त्या दुपारी गिरणीत चिटपाखरू नव्हतं. मिरच्या कांडून झाल्यावर जयमाला भिंतीला टेकून बसली होती, आणि अचानक तिच्या ओटीपोटात बारीकशी कळ आली. पाठोपाठ छातीत काहीतरी सैल झालं. नजर समोरच्या डब्यावर गेली आणि तिला वाटलं, किती सोसतोय बिचारा. तिने ओढणीने झाकणावरचं पीठ पुसलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

मग तिचं तिलाच हसू आलं. पन्नाशी ओलांडलेल्या, गावच्या तंटामुक्ती समितीची अध्यक्ष असलेल्या, अख्ख्या चिंचणगावाला धाकात ठेवणाऱ्या बाईने पत्र्याच्या डब्याला गोंजारावं, हे पारूबाईने पाहिलं असतं तर उद्यापासून दळण फुकट मागितलं असतं.

इतक्यात नवऱ्याचा फोन आला.

"अगं, पोचलोच होतो, पण ओढ्याजवळ मेंढरं आडवी आलीत," नंदकुमार म्हणाला. त्याचा नवा टेम्पो आपला आपण चालायचा. रस्त्यावर जिवंत काही दिसलं की थांबायचा, आणि शेवटचं शेपूट पलीकडे जाईपर्यंत मालकाचं काही ऐकायचा नाही. "तू गिरणीतच आहेस ना? बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही गं. मंदा पण आहे गाडीत. तिला जरा बोलायचंय तुझ्याशी. आता ही मेंढरं कधी संपतात देव जाणे."

मेंढरं बरीच असावीत. नंदकुमार आणि त्याची धाकटी बहीण मंदा गिरणीत शिरली तोवर जयमालाचं भरून येणं ओसरलं होतं. पारूबाईचा डबा पुन्हा नुसता डबा झाला होता.

मंदा पोत्यावर टेकली. घाम पुसला. "वहिनी, आमच्या स्वरालीनं म्हणं तुमच्याकडं निरोप धाडलाय."

"धाडलाय. समिती परत बसवा म्हणते."

"आता तुम्हीच बघा. निवाडा तुम्ही केलात. एकत्र दळण झालं, गूळ वाटला. परत बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील? नवरा-बायकोत कुरबुर चालायचीच की."

"कुरबुर म्हणता वन्सं, तिची बोटं मोडली होती."

स्वराली ही मंदाची सून. पुण्याला नोकरी लागली म्हणून बॅग भरायला लागली, तेव्हा मंदाच्या ओंकारने दार लावलं. दारात तिचा हात होता हे त्याला दिसलं नाही, असं तो म्हणाला. दोन बोटं वाकडी जुळली. पोरगी पोलिसांत निघाली होती. वाटेत तिला जयमालाच्या समितीपुढे आणलं, आणि समितीने समझोता केला. चिंचणगावात समझोत्याची एक रीत होती, ती जयमालानेच पाडलेली. दोन्ही बाजूंनी आपापलं धान्य आणायचं, ते तिच्या गिरणीत एकत्र दळायचं, आणि अर्धं अर्धं पीठ घरी न्यायचं. एकदा मिसळलं की कुणाच्या बापाला वेगळं करता येत नाही, तसा तुमचा तंटा, असं ती सांगायची. स्वरालीच्या माहेरचे गहू आणि मंदाच्या घरचे गहू असेच मिसळले होते.

"पोलिसांत गेली तर ओंकार आत जाईल," मंदा म्हणाली. "तुमचा भाचाच हाय की वो तो. दादा, तू सांग की."

नंदकुमारने सांगितलं काहीच नाही. तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता, दूध का उतू जात नाही म्हणून गॅसकडे बघावं तसा. मग त्याने खिशातून फोन काढला, जरा वळला, आणि अंगठा टेकवला.

जयमालाच्या ओटीपोटात कळ आली.

तिने मान वळवली नव्हती. वळवायची गरजच नव्हती. बाजूचं तिला आता लख्ख दिसायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या याच कोपऱ्यांतून तिला काही दिसेनासं झालं होतं, म्हणून तर सगळं रामायण घडलं. आणि ज्या शस्त्रक्रियेने ती नजर परत दिली, तिनेच आज तिला नवऱ्याचा अंगठा दाखवला.

मग ते आलं. ऊन पाणी ओतल्यासारखं, मानेपासून खाली. मंदाचा घामेजला चेहरा एकदम लहानपणचा दिसायला लागला. माझ्या बाळंतपणात हिनेच तर मला डिंकाचे लाडू करून घातले होते. ओंकारला मी खांद्यावर झोपवलंय. आपलीच तर माणसं, कुणासाठी एवढं ताणायचं? तिचा हात आपोआप मंदाच्या गुडघ्याकडे निघाला.

आणि त्याच वेळी डोक्यात कुठेतरी दुसरी एक जयमाला खडखडीत जागी होती. ती म्हणत होती, पंधरा मिनिटांपूर्वी हीच माया डब्यावर आली होती बाई. वेळेवर माया पोचली, माणसं मेंढरांपायी अडकली, म्हणून डब्याच्या वाट्याला गेली.

फसवणूक कळली म्हणून ऊब कमी झाली नाही. हेच भयंकर होतं. ती गोडच होती. तिने हात मागे घेतला, गिरणीच्या तापलेल्या लोखंडी झाकणावर ठेवला, आणि चटका बसेपर्यंत तसाच ठेवला.

"वन्सं, आत्ता माझ्या तोंडून होय निघेल," ती म्हणाली, "म्हणून आत्ता मी काहीच बोलणार नाही. घरी जा."

मंदाला काही समजलं नाही. नंदकुमारला समजलं. त्याने फोन खिशात घातला, आणि तो पुरता खिशात गेला तरी वरून दाबत राहिला.

*

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खळग्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. पीयूषिका तिचं नाव. पुण्याच्या डॉक्टर शमा मुजावर यांनी जयमालाला ती समजावली होती कालव्यावरच्या पाटकऱ्याची उपमा देऊन. पाटकरी स्वतः काही पिकवत नाही, पण कुठल्या रानाला कधी आणि किती पाणी सोडायचं ते त्याच्या हातात. गळ्यातल्या थायरॉइडला हीच जागी करते. मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथींना हीच सांगते की अंगात ताप आहे, संकट आहे, कॉर्टिसोल सोडा. लघवीतून किती पाणी जाऊ द्यायचं, हाडं-स्नायू कसे राखायचे, सगळे दरवाजे हिच्याकडे.

जयमालाच्या पाटकऱ्यावर गाठ आली होती. कर्करोगाची नव्हे, मुकाट वाढणारी. पण ग्रंथीच्या डोक्यावरूनच डोळ्यांच्या नसा जातात. गाठ वाढली तशा नसा दबल्या आणि दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं. गिरणीत कडेने आलेलं माणूस तिला दिसायचं नाही. लोक म्हणाले, काकी अध्यक्ष झाल्यापासून चढेल झाली. तंट्यात दोन्ही बाजू बघणाऱ्या बाईला दोन्ही बाजू दिसेनात, हा विनोद तिने स्वतःच डॉक्टरांना सांगितला होता.

नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली. नजर परत आली. पण गाठीने ग्रंथी इतकी चिरडली होती की गाठीबरोबर तीही गेली. मग गोळ्या आल्या. सकाळची, दुपारची, पाणी रोखायची, ताप आला की दुप्पट घ्यायची. गोळ्यांनी जीव तगला. एक गोष्ट मात्र परत आली नाही, आणि ती गेली हे जयमालाच्या आधी घराच्या लक्षात आलं.

सासूबाई वारल्या. ज्या म्हातारीचं तिने अंथरुणात सगळं केलं, ती गेली तेव्हा जयमाला आचाऱ्याला तेराव्याच्या बुंदीचं प्रमाण सांगत होती. डोळे कोरडे. तिला दुःख झालं नाही असं नाही. दुःख व्हायला हवं, हे तिला कळत होतं. लांबच्या गावी पाऊस पडतोय हे कळावं, तसं.

त्या सुमारास नवं यंत्र निघालं. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं. रक्त बघून मात्रा ठरवायचं आणि आपली आपण सोडायचं. गोळ्यांची कटकट संपली. त्यात पाच कप्पे होते. पहिल्यात कॉर्टिसोल, मग थायरॉइडचं, मग पाणी रोखणारं, मग वाढीचं. आणि पाचव्यात ऑक्सिटोसिन. बाळंतपणात कळा आणतं ते, पाजताना पान्हा फोडतं ते. पण मेंदूतही त्याचं काम असतं. माणसाला माणसाची ऊब लागते ती बरीचशी त्याच्या जोरावर. म्हणून त्या कप्प्यातून केसाएवढी नळी कानामागून थेट ग्रंथीच्या रिकाम्या खळग्यापर्यंत नेलेली होती. थोडं रक्तातही झिरपायचं, त्याने पोटात कळ येईल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीला पाजताना यायची तशीच कळ.

यंत्र लावलं की घरातलं एक माणूस किल्लीदार नेमावं लागे. कारण अपघात झाला, उलट्या सुरू झाल्या, बाई बेशुद्ध पडली, तर पहिल्या कप्प्यातून जादा मात्रा तातडीने सोडायला कुणीतरी हवं. नाहीतर तासाभरात माणूस हातचं जातं. नंदकुमार किल्लीदार झाला. आणि सासूबाईंच्या वेळची हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुणाचं मयत वगैरे असलं तर पाचव्यातून थोडं जादा द्यायला हरकत नाही, तेवढी मोकळीक फोनवर ठेवते.

तेवढीच मोकळीक होती.

*

संध्याकाळी तिने भाकरी थापल्या. नंदकुमार जेवायला बसला. ऊब कधीच ओसरली होती, तळहाताचा चटका तेवढा शिल्लक होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, मी गावाचे तंटे सोडवते. माझ्यापुढं बसून कुणी असं विचारलं की मला कळतं याला सगळं माहीत आहे."

नंदकुमार भाकरीचे तुकडे करत राहिला. खायला नव्हे, नुसतेच. तो वाईट माणूस नव्हता. गावात कुणाला विचारा, नंदूतात्यासारखा मवाळ माणूस नाही म्हणतील.

"यंत्र बसवलं, त्याच्या नंतर," तो म्हणाला. "रानात माझ्या पायावर कुदळ पडली होती बघ. मी लंगडत घरी आलो. तू बघितलंस आणि म्हणालीस, फरशीवर रक्त सांडू नका."

"मग?"

"मग काय. तू पोतेरं आणायला गेलीस. मी पायरीवर बसलो होतो. म्हटलं, बघू तरी. दाबलं. तू बाहेर आलीस ती माझ्याशेजारी बसलीस. पाय मांडीवर घेतलास. हळद दाबलीस. म्हणालीस, किती दुखत असेल हो." त्याचा आवाज चिरकला. "किती दिवसांनी तू मला विचारलंस जयू."

जयमालाला ती संध्याकाळ आठवत होती. चांगलीच आठवत होती. गाठ निघाल्यापासूनची तिची सगळ्यांत सुखाची संध्याकाळ. त्या दिवशी ती मनात म्हणाली होती, बाई, तू परत आलीस. दुसऱ्या दिवशी देवीला नारळ फोडून आली होती.

"मी नारळ फोडला तेव्हा तुम्ही बरोबर होता," ती म्हणाली. "शेंडीसुद्धा तुम्ही काढून दिलीत."

तो तुकड्यांचे आणखी तुकडे करत राहिला.

"मग काय, रोज?"

"रोज नाही गं. एकटं वाटलं की. तू भिंतीसारखी समोर बसायचीस. घरात माणूस असून नसल्यासारखं. तुला नाही कळायचं ते."

"नाही कळायचं. आणि स्वरालीच्या वेळी? तेव्हा कोण एकटं होतं?"

त्याने पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. "मंदा पाया पडली माझ्या. मी म्हटलं, जयू चिडून बसली तर ओंकारचं ऐकूनच घ्यायची नाही. शांतपणे ऐकावंस, एवढंच. निवाडा तुझाच होता."

"माझा होता?"

"मी काय विष घातलं का तुला? माया दिली."

"माझीच," ती म्हणाली. "तुमच्या हाताने वाढून."

त्या समितीच्या बैठकीतलं एकेक तिच्यापुढे येत गेलं. स्वरालीचा हात तिने आपल्या हातात घेतला होता. वाकड्या बोटांवरून अंगठा फिरवताना ती घळघळा रडली होती. बाकीचे पंच चकित झाले. काकीला रडताना कुणी बघितलं नव्हतं. ओंकार मान खाली घालून बसला होता आणि तिला त्याच्यात खांद्यावर झोपलेलं पोर दिसत होतं. ती म्हणाली होती, पोरी, माझ्या शब्दावर जा, एकदा पदरात घे. आणि पोरगी गेली होती, तिच्या शब्दावर.

"हे थांबवायचं होतं मला," नंदकुमार म्हणाला. "दर वेळी वाटायचं, ही शेवटची खेप."

"दारू पिणारे पण समितीपुढं हेच सांगतात. त्यांना मी काय सांगते ठाऊक आहे?"

"काय?"

"आठवत नाही आता. कोण बोलत होतं तेच कळेनासं झालंय." तिने त्याच्या ताटातले भाकरीचे तुकडे बघितले. "वर्षभरात मी तुमच्याशी जे काही गोड बोलले, त्यातलं माझं किती आणि अंगठ्याचं किती, सांगा. माझ्याच गिरणीत मला दळून काढलंत तुम्ही. आता चाळून वेगळं करून द्या."

तो रडायला लागला. पूर्वीच्या जयमालाने ओढणीने त्याचे डोळे पुसले असते. ही जयमाला उठली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

*

डॉक्टर मुजावरांशी ती पडद्यावर बोलली. नंदकुमारला मुद्दाम शेजारी बसवून.

सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी मयतापुरती मोकळीक दिली. घरात रोज काहीतरी मरत असतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मला एक सांगा. त्या औषधाने मी मऊ झाले, हे समजलं. पण मऊ व्हायचं तर पोरीकडं व्हावं ना. बोटं तिची मोडली होती. मी ओंकारकडं का झुकले?"

"त्याचं हेच आहे. लोकांना वाटतं हे प्रेमाचं औषध. हे नवं प्रेम तयार करत नाही. मनातली संशयाची कुरकुर बारीक करतं, आणि जे आधीपासून आपलं आहे त्याला आणखी आपलं करतं. आपल्या कळपातला आणि बाहेरचा, ही रेघ ते पुसत नाही, कधीकधी ठळक करतं. भाचा तुमच्या खांद्यावर वाढला. सून आत्ता घरात आलेली."

"म्हणजे कणव तिची आली, पण न्याय त्याला गेला."

"तसंच म्हणा."

"बंद करा तो कप्पा."

डॉक्टर पुढे झुकल्या. "अगदी बंद नको, जयमालाताई. फोनवरची मोकळीक काढून टाकते. जादा मात्रा कुणालाच देता येणार नाही. रोजची बारीक धार तेवढी राहू दे. बंद केलंत तर तुम्ही परत तशाच कोरड्या व्हाल. लेकीचा फोन आला तरी नुसता फोन वाटेल."

जयमालाने विचार केला. बंगळूरला असलेली लेक, तिचं हसणं. ते हसणं ऐकून आत जे हलतं ते कुठल्या कप्प्यातलं आहे हे आता ठाऊक होतं, तरी हलत होतंच.

"पुढचं पुढं बघू," ती म्हणाली. "आत्ता मला एका पोरीपुढं उभं राहायचंय. तिथं माझ्याबरोबर दुसरं कुणी आत नको, बारीक धारसुद्धा नको. बंद करा."

"ठीक आहे. मग किल्लीदार तरी बदलायचा ना? पहिल्या कप्प्यासाठी कुणीतरी लागणारच. आणि ते माणूस घरातलं हवं, रात्री-बेरात्री जवळ असणारं."

घरातलं माणूस एकच होतं. ते शेजारी बसून आपल्या तळव्यांकडे बघत होतं.

"त्यांचंच नाव राहू दे," जयमाला म्हणाली. "मी बेशुद्ध पडले तर ते मला वाचवतील, याची मला खात्री आहे. जीव राखायला ते चालतील. मनाला त्यांचा हात नको."

नंदकुमार उठून बाहेर गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग दारातलं कोंबडं बघून तो थांबल्याचाही.

*

कप्पा बंद झाला आणि जग हळूहळू मागे सरकलं. आठवडाभरात घरातल्या वस्तू आणि माणसं एका ओळीत येऊन बसली. लेकीचा फोन आला. तिने बढतीची बातमी दिली. जयमालाने अभिनंदन म्हटलं आणि ते बरोबर जागी म्हटलं. पारूबाई दळण घेऊन आली तेव्हा तिच्या गुडघ्यांची चौकशी करायची असते हे जयमालाने आठवून केलं.

एकच गोष्ट मागे सरकली नाही. फसवलं गेल्याचा सल होता तिथेच होता, कुठल्याही कप्प्याची मदत न घेता. नंदकुमार समोर आला की तिला तो अंगठा दिसायचा. तो बिचारा आता फोन हातात घ्यायचा तर तिच्या पुढ्यात, टेबलावर उताणा ठेवून. सहानुभूती मागायचाही त्याला धीर होत नव्हता, आणि द्यायला तिच्याकडे नव्हती.

"गावात सांगणार का तू?" त्याने एकदा विचारलं.

"सांगावं लागेल. निवाडा चुकीचा होता, तर का चुकला ते सांगायला नको?"

"लोक हसतील जयू. काकीच्या डोक्याचा रिमोट नवऱ्याकडं होता म्हणतील. तुझे आजवरचे सगळे निवाडे उकरून काढतील."

"काढतील," ती म्हणाली.

त्याचं म्हणणं खरं होतं. एवढ्या वर्षांत तिने या गावात पैसा कमावला नव्हता. शब्द कमावला होता. बांधाचे, वाटणीचे, पाण्याच्या पाळीचे तंटे त्या शब्दावर मिटले होते. तो शब्द आता ती स्वतःच्या हाताने मोडायला निघाली होती, आणि त्याचं काय व्हायचं याची तिला भीती वाटत नव्हती. भीती वाटायला हवी, हे कळत होतं. तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने स्कूटर काढली.

मंदाच्या अंगणात स्वराली वाळवण घालत होती. कुरडया टाकताना तिची दोन बोटं बाजूला राहायची, कुणीतरी न बोलावलेल्या पाहुण्यांसारखी. जयमालाला बघून ती उभी राहिली. जवळ आली नाही.

"फोन काढून घेतलाय माझा," ती म्हणाली. "पारूआज्जीकडून निरोप धाडला, त्याला किती दिवस झाले. म्हटलं, मामी येतीलच."

"आता आलेय. माझं ऐकून घे, मग काय ते ठरव."

जयमालाने उभ्याउभ्याच सांगितलं. गाठ, यंत्र, कप्पा, अंगठा. समितीच्या दिवशी नंदकुमारने काय केलं ते. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. आतून मंदा येऊन दारात उभी राहिली तरी ती थांबली नाही.

स्वराली ऐकत गेली तसा तिचा चेहरा आवळत गेला. "म्हणजे तुम्ही रडला ते..."

"ते माझं नव्हतं. निदान सगळं नव्हतं."

"माझा हात धरून रडला होता मामी तुम्ही. माझी आईसुद्धा तशी रडली नव्हती. आई म्हणाली, पोलिसांत जा. मी म्हटलं, नको, मामींना माझं खरंच लागलंय, त्या म्हणतात तर जाते." तिने हाताला लागलेला चीक झटकला. "तुमच्या रडण्यावर मी परत आले या घरात."

"ठाऊक आहे."

"आणि आत्ता? आत्ता कुणी दाबलंय?"

"कुणी नाही. बंद केलाय तो कप्पा."

"हे तरी मी कशावरून खरं मानायचं?"

जयमालाने आत शोधून बघितलं. या पोरीला जवळ घ्यावं असं काही वाटतंय का, घशात काही दाटतंय का. काही नव्हतं. हात उचलून तिच्या डोक्यावरून फिरवणं तिला जमलं असतं. तो कसा फिरवतात हे तिला पाठ होतं. पोरीला तेच हवं होतं, हेही दिसत होतं. तेवढं केलं असतं तर स्वराली कदाचित लगेच गळ्यात पडली असती.

"आत्ता मला तुझ्याबद्दल माया वाटत नाही," ती म्हणाली. "कुणाबद्दलच वाटत नाही. इथं यायला निघाले तेव्हा माझ्या पोटात काही तुटत नव्हतं. तुझी बोटं बघितली आणि ती मोडलीत, एवढं कळलं. ज्यानं मोडली त्याच्या घरी मी तुला धाडलं. ते चूक होतं. चूक होतं म्हणून आलेय. स्कूटर बाहेर आहे. तालुक्याला पोलिसांत जायचं असलं तर मी नेते, आणि माझा निवाडा खोटा होता हे मी तिथं सांगते. यायचं नसलं तरी मी एकटी जाऊन सांगणार आहे."

"वहिनी," दारातून मंदा म्हणाली. "खांद्यावर खेळवलेलं पोर हाय वो ते. सख्ख्या नणंदेच्या दारात येऊन तिचं घर मोडताय. काहीच वाटत नाही का तुम्हाला?"

"नाही वाटत, वन्सं."

स्वरालीने जयमालाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. ना पाणी, ना हसू, ना विनवणी. मग ती वळली आणि मंदाला ओलांडून घरात गेली. मंदा काहीतरी बोलत राहिली, आधी सुनेला, मग देवाला. स्वराली बाहेर आली ती तीच पुण्याला न्यायची बॅग घेऊन. कुरडयांचा चीक उघडाच राहिला होता. जाताजाता तिने त्यावर ताट झाकलं.

"चला," ती म्हणाली.

ती मागे बसली. गाडी सुरू झाली तसा तिने जयमालाच्या खांद्याला हात धरला, सरळ बोटं आणि वाकडी बोटं, सगळीच. जयमालाला काहीही झालं नाही. रस्ता खराब होता, पोरीच्या हाताला धक्का बसेल, एवढं तिला कळत होतं. एकेक खड्डा चुकवत तिने गाडी सावकाश नेली.